नेटवर्कमॅनेजर काढायच्या आधी

लिनक्सवर वायफाय आणि केबलचं नेट सांभाळणारा नेटवर्कमॅनेजर जड वाटतो म्हणून काढायचा असेल, तर पहिल्यांदा ठरवा, लॅपटॉप फिरणार की एका जागी बसणार. उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये लॅन केबलला कायमचा बांधलेला असेल तर नेट जोडायला सिस्टिमडी-नेटवर्कडी ही साधी सर्व्हिस पुरे, चार ओळींची फाईल लिहिली की विषय संपला. घरचं वायफाय, कॉलेजचं, रंकाळ्यावर बसून मोबाईलचा हॉटस्पॉट असं रोज बदलत असेल तर आयडब्ल्यूडी किंवा कॉनमॅन ही वायफाय जोडणारी हलकी साधनं बघा. जुन्या लेखांत विकड नावाचं असंच एक साधन भेटेल. ते पायथन २ वर अडकलं आणि २०२१ च्या डेबियन ११ या लिनक्स आवृत्तीतून गेलं, तिकडं वेळ घालवू नका. कंपनीचं व्हीपीएन लागत असेल तर मात्र नेटवर्कमॅनेजरच राहू द्या. पॅनेलमधलं आयकन बंद करून टर्मिनलात त्याचाच साधा मेन्यू, एनएमटीयूआय, वापरा, तेवढ्यानंही हलकं वाटतं. खरं सांगायचं तर २ जीबी रॅमच्या मशीनवर ब्राउझरचा एक टॅब नेटवर्कमॅनेजरपेक्षा जास्त रॅम खातो.

तरी बदलायचंच असेल तर जुनं काढण्याआधी नवं पॅकेज उतरवून बसवा. राजारामपुरीत मावसभावाच्या लॅपटॉपवर मी नेमकं उलटं केलं. आधी नेटवर्कमॅनेजर उडवला आणि मग लक्षात आलं की आयडब्ल्यूडी आणायला नेटच नाही. केबलनं फोन जोडून टिथरिंग, म्हणजे फोनचं नेट लॅपटॉपला देणं, चालू केलं. फोन दिसत होता, पण लॅपटॉपला आयपी पत्ता मिळेना, कारण तो मागणारंच कोणी उरलं नव्हतं! शेवटी नेटवर्कडीची फाईल हातानं लिहिली, त्यात आयपी आपोआप मागणारं डीएचसीपी चालू केलं, तेव्हा कुठं जमलं. मावशीचा चहा तोवर दोनदा गार झाला होता.

वायफायचे पासवर्ड वहीत उतरवून घ्या. एलएसपीसीआय या कमांडनं वायफाय कार्ड कुठल्या कंपनीचं ते बघा. ब्रॉडकॉमचा बंदिस्त (सोर्स कोड खुला नसलेला) ड्रायव्हर असेल तर आयडब्ल्यूडीशी त्याचं सहसा जमत नाही. आयडब्ल्यूडीच्या मेन डॉट कॉन्फ या सेटिंगच्या फाईलमध्ये नेटवर्क कॉन्फिगरेशनची ओळ 'ट्रू' करा. नाहीतर आयपी न मिळाल्यानं वायफाय जोडलेलं दिसतं आणि पान एकही उघडत नाही. डीएनएससाठी, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधायला, सिस्टिमडी-रिझॉल्व्हडी ही सर्व्हिस चालू आहे का तेही बघा. जुनी सर्व्हिस नुसती थांबवू नका, डिसेबल करा, म्हणजे रीबूटनंतर ती परत सुरू होणार नाही. एका कार्डावर दोघं बसले की भांडणं ठरलेली. मग रीबूट करा, झाकण मिटा, पाच मिनिटांनी उघडा. वायफाय आपोआप आलं, तरच जुनं पॅकेज काढा.