श्वसन विषाणूंचा आलेख काढताना या चुका टाळा

पाऊस लागला की ठाणे-नवी मुंबईतल्या रुग्णालयांत इन्फ्लुएन्झाचे स्वॅब वाढू लागतात. आपल्याकडे या विषाणूचा मोठा चढ साधारण जुलै ते सप्टेंबरमध्ये येतो, दुसरा जानेवारी ते मार्चमध्ये. दोन्ही चढ प्रयोगशाळेच्या नोंदींत दिसतात; पण त्या नोंदी रिपोर्ट आणि बिल काढण्यासाठी ठेवलेल्या असतात, साथ मोजण्यासाठी नाही. त्यांवरून थेट आलेख काढला की पुढच्या चुका हमखास होतात.

फक्त पॉझिटिव्ह मोजणे

समजा, एका आठवड्यात ४० स्वॅब तपासले आणि १० पॉझिटिव्ह आले. पुढच्या आठवड्यात १२० तपासले, १८ आले. पॉझिटिव्ह वाढले, पण प्रमाण २५ टक्क्यांवरून १५ वर उतरलं. कदाचित बातमी वाचून सौम्य सर्दीचे रुग्णही तपासणीला आले असतील. गणपतीत उलटं होतं. निम्मी वस्ती कोकणात गेलेली, ओपीडी ओस, स्वॅब कमी. म्हणून पॉझिटिव्हचा आकडा पडतो आणि साथ ओसरल्यासारखी वाटते. प्रत्येक आठवड्याला तपासलेले, पॉझिटिव्ह आणि टक्केवारी हे तीनही आकडे शेजारी शेजारी ठेवा. तपासण्या ३० पेक्षा कमी असतील तर टक्केवारी एकटी छापू नका. दोन-तीन आठवडे एकत्र करा.

ओपीडीतले आणि भरती झालेले रुग्ण एकाच टक्केवारीत घालू नका. ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त, सोबत खोकला, आणि सुरुवात गेल्या १० दिवसांतली, ही इन्फ्लुएन्झासदृश आजाराची व्याख्या आहे; त्यात भरती करण्याची गरज पडली तर तो सारी, म्हणजे गंभीर तीव्र श्वसनसंसर्ग. दोन्हींचे आलेख वेगळे.

भाजकात नको ते मिसळणे

आरटी-पीसीआरमध्ये मानवी जनुकाचा इंटर्नल कंट्रोल (नमुना आणि चाचणी नीट झाल्याची खूण) उमटला नाही आणि विषाणूही सापडला नाही, तर तो रिपोर्ट निगेटिव्ह नसून अवैध आहे. स्वॅब नीट घासला गेला नसेल किंवा काही घटकाने पीसीआर अडवलं असेल. असे नमुने भाजकातून, म्हणजे तपासलेल्यांच्या एकूण संख्येतून, काढा आणि वेगळे मोजा. त्यांची संख्या अचानक वाढली तर स्वॅब घेणाऱ्यांकडे आणि काड्यांच्या नव्या लॉटकडे आधी पाहा. लाकडी दांडीची किंवा कॅल्शियम अल्जिनेटची काडी पीसीआरला चालत नाही. व्हीटीएममधला (विषाणू टिकवणाऱ्या द्रवातला) नमुना २ ते ८ अंशांत ७२ तासांपर्यंत ठेवता येतो, त्यापुढे उणे ७० लागतं. शनिवारी संध्याकाळी घेतलेले स्वॅब सोमवारपर्यंत टेबलावर राहिले, तर आलेखातली ती घसरण विषाणूची नव्हे.

किट बदललं की तारीख लिहून ठेवा. ऑगस्टमध्ये आरएसव्ही (मुख्यतः लहान मुलांना त्रास देणारा श्वसन विषाणू) असलेलं पॅनेल, म्हणजे एकाच वेळी अनेक विषाणू शोधणारी चाचणी, सुरू केलं तर आलेखात आरएसव्ही ऑगस्टमध्येच 'उगवतो'. म्हणून प्रत्येक विषाणूचा भाजक वेगळा. तपासलंच नसेल तर रकाना रिकामा ठेवा. शून्याचा अर्थ तपासलं पण सापडलं नाही. जलद अँटिजेन आणि पीसीआर एकत्र मोजू नका, कारण अँटिजेन चाचणीतून बरेच खरे रुग्ण निसटतात.

तारखांची गल्लत

नमुना घेतल्याची, प्रयोगशाळेत पोचल्याची आणि रिपोर्टची अशा तीन तारखा असतात. आलेख पहिलीवर काढायचा. रिपोर्टच्या तारखेवर काढला तर साचलेले नमुने एका दिवशी सुटतात आणि खोटा सुळका दिसतो. मागणीपत्रावर लक्षणं कधी सुरू झाली हा रकाना ठेवा. आठ-दहा दिवसांनी घेतलेल्या स्वॅबमध्ये इन्फ्लुएन्झा निसटण्याची शक्यता मोठी. शेवटचे दोन आठवडे नेहमी तात्पुरते समजून फिक्या रंगात दाखवा.

एक्सेलचा घोटाळा इथे सर्वांत जास्त नुकसान करतो. संगणक अमेरिकी पद्धतीवर असेल तर ०३/०८/२०२५ ही ३ ऑगस्ट न राहता ८ मार्च होते. १३/०८ ला तेरावा महिना नसतो, म्हणून ती नुसता मजकूर बनून डावीकडे चिकटते आणि पिव्हटमधून, म्हणजे एक्सेलच्या गोषवारा तक्त्यातून, गळते. ओळखायचं कसं? ऑगस्टच्या पहिल्या बारा दिवसांचे नमुने दर महिन्याच्या ८ तारखेला विखुरलेले दिसतात. फाइल उघडतानाच रकाना दिवस-महिना-वर्ष म्हणून आयात करा आणि पुढे वर्ष-महिना-दिवस असाच साठवा.

आठवडा सोमवार ते रविवार धरा आणि त्यासाठी एक्सेलमधलं आयएसओवीकनम (ISOWEEKNUM) हेच सूत्र वापरा. साधं वीकनम (WEEKNUM) रविवारपासून मोजतं. २०२६ चा पहिला आठवडा २९ डिसेंबर २०२५ ला सुरू होतो, आणि त्या वर्षात ५३ आठवडे आहेत. त्यामुळे आठवड्याचं वर्ष वेगळ्या रकान्यात लागतं, तारखेतलं वर्ष उचलून चालत नाही.

पत्ता

'सेक्टर १०, नवी मुंबई' हा पत्ता काही कामाचा नाही. ऐरोली, वाशी, नेरूळ, खारघर, अशा प्रत्येक नोडचे (नवी मुंबईतल्या उपनगराचे) सेक्टर पुन्हा एकपासून सुरू होतात. नोंदणीच्या खिडकीवर नोड हा सक्तीचा रकाना करा. शिवाय खारघर, कामोठे, कळंबोलीचे लोक पत्त्यात नवी मुंबई लिहितात, पण त्यांची महापालिका पनवेल आणि जिल्हा रायगड. पिनकोडने बरंचसं सुटतं: वाशी ४००७०३, नेरूळ ४००७०६, खारघर ४१०२१०. मात्र उरण ४००७०२ असूनही रायगडमध्येच, म्हणून फक्त पहिले तीन आकडे पाहून वाटणी करू नका. कळव्याच्या रुग्णालयात भिवंडी-शहापूरचेही रुग्ण येतात. ते ठाणे शहराच्या खात्यात टाकू नका. मोठ्या खासगी प्रयोगशाळांत दूरदूरचे नमुने येतात. पत्ता रिकामा असेल आणि सॉफ्टवेअर आपोआप प्रयोगशाळेचं शहर भरत असेल तर ती सोय बंद करा.

एक रुग्ण, तीन नोंदी

ओपीडीत एक क्रमांक, वॉर्डात दुसरा, आयसीयूत पुन्हा स्वॅब: एकच माणूस तीनदा मोजला जातो. नाव, वय, लिंग आणि मोबाइल एकत्र जुळवा. नुसत्या मोबाइलवर जुळवलं तर घरातल्या तिघा आजाऱ्यांचा एक रुग्ण होतो, कारण नंबर बहुतेकदा एकाच मुलाचा दिलेला असतो. एका विषाणूसाठी ३० दिवसांतल्या पुन्हा आलेल्या पॉझिटिव्ह नोंदी एकच आजारपण धरा, आणि ठरवलेला नियम वर्षभर बदलू नका. साध्या सर्दीचा ऱ्हायनोव्हायरस कित्येक आठवडे सापडत राहतो, तिथे हे विशेष लक्षात ठेवा. भरती होऊन तीन दिवस उलटल्यावर ज्यांची लक्षणं सुरू झाली ते वेगळे काढा. ती वॉर्डातल्या संसर्गाची खूण असू शकते, आणि ती संसर्ग नियंत्रण समितीकडे त्याच दिवशी जायला हवी.

यादी पाठवताना नाव आणि मोबाइल काढून टाका. व्हॉट्सअॅप गटावर रुग्णांची यादी टाकणं सर्रास चालतं, ते थांबलंच पाहिजे. आयएचआयपी या सरकारी साथरोग-नोंदणी पोर्टलवर एल फॉर्म (प्रयोगशाळेचा फॉर्म) भरणं वेगळं; तिथे मागितलेला तपशील पूर्ण भरा.

'इतर' या रकान्यात दडलेला धोका

इन्फ्लुएन्झा ए पॉझिटिव्ह, पण एच१एन१ आणि एच३एन२ हे दोन्ही उपप्रकार निगेटिव्ह, असा निकाल आला तर सीटी व्हॅल्यू (पीसीआरच्या कितव्या फेरीत विषाणू उमटला तो आकडा) पाहा. ती ३८ च्या आसपास असेल तर विषाणू इतका कमी असतो की उपप्रकार उमटतच नाही; अशी नोंद 'ए, उपप्रकार अनिश्चित' म्हणून ठेवा. पण सीटी ३५ च्या खाली, म्हणजे विषाणू भरपूर, आणि तरी उपप्रकार नाही, तर तपासणी पुन्हा करा. पुन्हा तेच आलं तर आठवड्याच्या अहवालाची वाट पाहू नका, कारण हा पक्षी-प्राण्यांतून आलेला नवा विषाणू असू शकतो. नमुना उणे ७० वर ठेवा, कोंबड्या, पक्षी किंवा डुकरांशी संपर्क आला होता का ते रुग्णाला विचारा, आणि त्याच दिवशी महापालिकेच्या साथरोग कक्षाला फोन करून नमुना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे पाठवण्याची व्यवस्था करा.