पावसाळ्यातलं जेवण: खानापूरला एक, अथणीला दुसरं

मोबाईलवर फिरणारा ‘आयुर्वेदिक आहार’ सगळ्यांना सारखाच असतो. शास्त्र मात्र आधी माणूस राहतो ती भूमी बघतं, मग त्याची भूक.

१. भूमी ओळखा. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, मलप्रभा नदी उगम पावते त्या कणकुंबीपासून जांबोटीपर्यंतचा ओला, झाडीचा पट्टा म्हणजे ‘अनूप’ देश. इथं कफ लवकर वाढतो. त्याच जिल्ह्यातल्या अथणीकडचं उघडं, कोरडं रान ‘जांगल’. तिथं वाताचा जोर. बेळगाव शहर या दोहोंच्या मधलं.

२. भूक तपासा. उन्हाळ्यात साचलेला वात पावसाळ्यात उसळतो आणि अग्नी म्हणजे पचनशक्ती मंदावते, असं अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथातल्या ऋतुचर्येत, म्हणजे ऋतूनुसार कसं राहावं-खावं या भागात, सांगितलंय. सकाळी ढेकर स्वच्छ, पोट हलकं आणि खरी भूक असेल तरच पोटभर न्याहारी. नसेल तर मुगाचं पातळ कढण पुरे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण टाळू नये.

३. ताट ठरवा. खानापूरकडे हुलग्याचं (कुळथाचं) माडगं, म्हणजे पातळ पेज, पावसात उगीच होत नाही. हुलगा उष्ण, कफ-वात कमी करणारा. पण ज्यांना आम्लपित्त आहे किंवा नाकातून रक्त येतं, त्यांनी तो लांबच ठेवावा. इथं ‘गावरान म्हणजे चांगलंच’ हा हिशेब चुकतो. भात वर्षभर जुन्या तांदळाचा करा, नवा जड पडतो. अथणीकडे जोंधळ्याची भाकरी नुसती कोरडी खाऊ नका. वर तूप आणि सोबत गरम, पातळ आमटी हवीच. दही रात्री नको, दोन्हीकडे. दुपारी आलं-सैंधव घातलेलं ताक चालेल. पाणी उकळलेलं.

४. मात्रा सांभाळा. पोटाचे चार भाग धरा: दोन घन अन्नाला, एक पातळ पदार्थांना, एक मोकळा.

काढ्यांबद्दल एवढंच: गुळवेल रोज पेलाभर पिणं हा आहार नव्हे. तिच्या सेवनानंतर यकृताला इजा झाल्याची उदाहरणं आहेत. वैद्यांना दाखवूनच घ्या आणि चालू औषधं मनानं बंद करू नका.

५. बदल हळूहळू करा. सरत्या ऋतूचे शेवटचे सात आणि येत्या ऋतूचे पहिले सात दिवस म्हणजे ऋतुसंधी. जुनी सवय याच काळात थोडी थोडी सोडायची. पावसाळ्यात साचलेलं पित्त शरदाच्या उन्हात भडकतं; म्हणून पाऊस ओसरू लागला की हुलगा, आंबट आणि तिखट कमी करत आणा, मूग, दुधी आणि साजूक तूप वाढवा.