टर्बो नसलेल्या छोट्या पेट्रोल गाडीचे रीमॅपिंग : या चुका टाळा

स्विफ्ट, वॅगनआर, टियागो यांसारख्या हजार-बाराशे सीसीच्या गाड्या चालवणाऱ्या अनेकांना घाट चढताना वाटते की गाडीला आणखी थोडा दम असता तर बरे झाले असते. मग कोणीतरी सुचवते की ईसीयू रीमॅप करून घ्या, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकातील नोंदींची फाइल (मॅप) बदलून घ्या, इंजिन न उघडता पिकअप वाढेल. पंधरा-वीस हजार रुपयांत आणि अर्ध्या दिवसात काम होते असे ऐकल्यावर मोह पडणे स्वाभाविक आहे. गाडी टर्बोची (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या यंत्राची) नसेल आणि तिच्या इंजिनात कोणताही यांत्रिक बदल केलेला नसेल, तर हा खर्च बहुतेक वेळा वाया जातो, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या तक्रारीसाठी तो केला जातो, ती तक्रार पुष्कळदा त्याच्या पाव खर्चात दूर होते.

टर्बोचे आकडे आपल्या गाडीला लावणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. कोणाच्या तरी पोलो टीएसआयची (टर्बो पेट्रोलची) किंवा डिझेल गाडीची ताकद रीमॅपनंतर वीस-पंचवीस टक्क्यांनी वाढलेली असते आणि तोच हिशेब साध्या पेट्रोल इंजिनालाही लागू होईल असे गृहीत धरले जाते. इंजिन किती जोर देणार हे सिलिंडरमध्ये किती हवा शिरते यावर ठरते, कारण शुद्ध पेट्रोलचा एक भाग पूर्णपणे जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते आणि हवा न वाढवता नुसते पेट्रोल वाढवले तर ते न जळता धुरावाटे बाहेर पडते. टर्बो इंजिनात हवा दाबून भरली जाते आणि हा दाब किती ठेवायचा हे ईसीयूच्या हातात असते, म्हणून तेथे केवळ मॅप बदलून हवा वाढवता येते. टर्बो नसलेल्या इंजिनाला वातावरणाचा दाब जेवढी हवा आत ढकलेल तेवढ्यावरच भागवावे लागते, आणि एकदा थ्रॉटलची, म्हणजे हवा आत सोडणारी, झडप पूर्ण उघडली की ईसीयूजवळ आणखी हवा मिळवण्याचा मार्ग जवळजवळ उरत नाही.

हे आकड्यांवरूनही पडताळून पाहता येते. २०२१ मध्ये आलेल्या स्विफ्टचे १,१९७ सीसीचे इंजिन ११३ न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) देत होते, म्हणजे इंजिनाच्या क्षमतेच्या दर लिटरला सुमारे ९४. टियागोच्या १,१९९ सीसीच्या इंजिनाचाही टॉर्क ११३ न्यूटन मीटर आहे. रस्त्यावरच्या नेहमीच्या वापरासाठी बनवलेले टर्बो नसलेले चांगले इंजिन दर लिटरला शंभराच्या आसपास पोहोचते. याचा अर्थ कंपनीने आपल्यासाठी फारसे काही राखून ठेवलेले नाही. पोलोचे उदाहरण यापेक्षाही बोलके आहे. २०२० मध्ये आपल्याकडे ही गाडी ९९९ सीसीच्या दोन पेट्रोल इंजिनांसह मिळत होती : टर्बो नसलेले ७६ पीएस (अश्वशक्ती) आणि ९५ न्यूटन मीटरचे, तर टर्बोचे ११० पीएस आणि १७५ न्यूटन मीटरचे. क्षमता तीच असूनही एवढा फरक पडतो तो दाबून भरलेल्या हवेमुळे, आणि ती कोणत्याही फाइलमधून मिळत नाही.

मग रीमॅप करणारा नेमके काय बदलतो? पूर्ण थ्रॉटलवर कंपनीने धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर फार तापू नये म्हणून मिश्रण थोडे जास्त पेट्रोलचे ठेवलेले असते, त्यातले पेट्रोल तो थोडे कमी करतो. कमी प्रतीच्या पेट्रोलचा विचार करून ठिणगीची वेळ सावध ठेवलेली असते, ती एक-दोन अंशांनी पुढे आणतो, म्हणजे ठिणगी थोडी लवकर पाडतो. या दोन्हींतून प्रामाणिकपणे मिळणारी वाढ पाच टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे ८५ पीएसच्या गाडीत चार-पाच पीएस, आणि तीही बहुतांशी वरच्या आरपीएमवर (इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांवर). पुण्याहून महाबळेश्वरला, म्हणजे सुमारे ५६० मीटरवरून १,३५० मीटरवर गेल्याने हवा विरळ होऊन इंजिनाची ताकद सात-आठ टक्क्यांनी घटते. पंचवीस अंशांच्या सकाळच्या तुलनेत चव्वेचाळीस अंशांच्या नागपूरच्या दुपारी हवेची घनता सहा टक्क्यांनी कमी असते. ज्या वाढीसाठी आपण पैसे मोजतो, ती ऋतू बदलला तरी दिसेनाशी होण्याइतकी लहान आहे.

पेडल हलके झाले म्हणजे ताकद वाढली असे समजणे

रीमॅप करून आलेला माणूस बहुधा खूश असतो आणि त्याचा अनुभव खोटा नसतो, परंतु त्याचे कारण वेगळे असते. आजच्या गाड्यांमध्ये ॲक्सिलरेटरला केबल नसते. पेडलवर किती पाय पडला हे सेन्सर सांगतो आणि झडप किती उघडायची हे ईसीयू ठरवतो. पाय तीस टक्के दाबला असता झडप पन्नास टक्के उघडेल अशी नोंद फाइलमध्ये केली, की गाडी अचानक तरतरीत वाटू लागते. पाय पूर्ण दाबल्यावर मात्र झडप आधी जेवढी उघडत होती तेवढीच उघडते, त्यामुळे घाटात मालवाहू गाडीला मागे टाकताना पूर्वीचीच ताकद हाताशी असते. ज्यांना हा तरतरीतपणाच हवा आहे त्यांनी पाय थोडा जास्त दाबावा, तो फुकट आहे.

ओबीडीच्या, म्हणजे गाडीतील दोष तपासण्याच्या, सॉकेटमध्ये खुपसायची जी छोटी डबी पेट्रोल वाचवते आणि पिकअपही वाढवते असे सांगून विकली जाते, तिच्याविषयी एवढेच सांगतो की अशा अनेक डब्यांमध्ये दिवे लुकलुकवणाऱ्या सर्किटपलीकडे काहीही नसते.

आजारी गाडीवर मॅप चढवणे

या चुकीबद्दल मला विशेष कळकळीने लिहावेसे वाटते, कारण रीमॅपचा विचार करणाऱ्या मालकांपैकी पुष्कळांची गाडी मुळात कारखान्यातून निघाली तेवढीही ताकद देत नसते. साठ-सत्तर हजार किलोमीटर चाललेल्या गाडीत पाच-दहा टक्के ताकद हळूहळू गळून जाते आणि रोज चालवणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. अशा गाडीवर नवा मॅप चढवला तर मूळ दोष झाकला जातो आणि तो शोधणे नंतर अधिक अवघड होते.

सुरुवात एअर फिल्टरपासून करावी, विशेषतः धुळीच्या रस्त्यावर रोजची ये-जा असेल तर. त्यानंतर थ्रॉटल बॉडी पाहावी. हवेचा रबरी पाइप सोडवून आत टॉर्च मारली असता झडपेच्या कडेला तेलकट काजळीचे काळे कडे दिसते. या काजळीमुळे आयडलिंग (उभ्या गाडीतील इंजिनाचा वेग) वरखाली होते आणि सिग्नलवरून निघताना गाडी अडखळते. ती साफ करताना झडप बोटाने ढकलू नये, कारण आतील मोटरचे दात खराब होऊ शकतात, आणि सफाईनंतर बऱ्याच गाड्यांमध्ये स्कॅनर लावून झडपेची मूळ स्थिती ईसीयूला पुन्हा शिकवावी लागते. हे शेवटचे काम न केल्यामुळे सफाईनंतर आयडलिंग उलट बिघडले, अशी तक्रार वारंवार ऐकू येते.

स्पार्क प्लगचे अंतर झिजून वाढले किंवा एखादी इग्निशन कॉइल दमली, तर जास्त लोड आल्यावरच इंजिन चुकते. सपाट रस्त्यावर गाडी ठीक चालते आणि घाटात तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की धक्के जाणवतात, हे त्याचे ठळक लक्षण आहे. सीएनजी किट असलेल्या गाडीत हा दोष अधिक लवकर दिसतो, कारण सीएनजीच्या मिश्रणाला पेटण्यासाठी अधिक जोरदार ठिणगी लागते. शिवाय सीएनजीवर ताकद मुळातच कमी मिळते : स्विफ्टचे तेच इंजिन पेट्रोलवर सुमारे ९० पीएस तर सीएनजीवर ७७ पीएसच्या आसपास देत होते. त्यामुळे गाडी ओढत नसल्याची तक्रार करण्यापूर्वी ती पेट्रोलवर चालवून पाहणे आवश्यक आहे.

इंजिनाबाहेरचे दोष तर सर्रास दुर्लक्षिले जातात. क्लच घसरत असेल तर चौथ्या गिअरमध्ये चढावर पाय दाबल्यावर आरपीएम वाढते, परंतु त्या प्रमाणात वेग वाढत नाही. एखादा ब्रेक अडकत असेल तर दहा-पंधरा किलोमीटर चालवून थांबल्यावर ते चाक इतरांपेक्षा स्पष्टपणे गरम लागते. त्याजवळ फक्त हात न्यावा, टेकवू नये. दिसायला छान म्हणून बसवलेली मोठी आणि जड अलॉय चाकेही रीमॅपमधून मिळणारी सगळी वाढ खाऊन टाकू शकतात. इंजिनाचे तापमान राखणारी थर्मोस्टॅटची झडप उघडी अडकली तर इंजिन पुरेसे तापत नाही, ईसीयू मिश्रणात पेट्रोल जास्त ठेवतो आणि ॲव्हरेज पडते. तापमान दाखवणारा काटा नसलेल्या गाड्यांत हे मालकाला कळतच नाही.

हे सर्व तपासल्यानंतर ओबीडी स्कॅनर लावून लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल कमी-जास्त सोडतो हा आकडा, मेकॅनिककडून जरूर वाचून घ्यावा. तो साधारणपणे उणे दहा ते अधिक दहा टक्क्यांच्या आत असावा. तो अधिक अठरा किंवा वीस दाखवत असेल, तर कोठेतरी हवा गळते आहे, इंधनाचा दाब कमी पडतो आहे किंवा एखादा सेन्सर चुकीचे सांगतो आहे, आणि ईसीयू ती कसर जास्त पेट्रोल सोडून भरून काढत आहे. असा आकडा न पाहताच जो ट्यूनर (रीमॅप करणारा) लॅपटॉप जोडतो, त्याच्याकडून काम करून घेऊ नये.

पेट्रोलचा विचार न करता ठिणगी पुढे आणणे

ठिणगीची वेळ पुढे आणण्याचा फायदा इंधनाच्या ऑक्टेनवर, म्हणजे ठिणगीआधीच किंवा अवेळी न पेटण्याच्या क्षमतेवर, अवलंबून असतो. पंपांवर आता मिळणाऱ्या ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलचे ऑक्टेन ९५ असणे अपेक्षित आहे, पूर्वीच्या साध्या पेट्रोलचे ते ९१ होते. मात्र ज्या गाड्यांना नॉक सेन्सर (इंधन अवेळी पेटल्याचे ओळखणारा सेन्सर) आहे त्यांचा ईसीयू चांगले इंधन मिळाल्यावर आपल्या मूळ मॅपच्या मर्यादेत ठिणगी काही प्रमाणात स्वतःच पुढे आणतो. दुसरी बाजू अशी की इथेनॉलमध्ये दर लिटरला पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे ई-२० वर ॲव्हरेज काहीसे घटणारच. ही घट रीमॅपने भरून काढण्याचे आश्वासन कोणी देत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

रीमॅपनंतर कमी आरपीएमवर, वरच्या गिअरमध्ये, चढावर डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येऊ लागला तर ते नॉकिंग, म्हणजे इंधनाचे अवेळी पेटणे, आहे. ताबडतोब पाय उचलावा, गिअर खाली घ्यावा आणि मूळ फाइल परत चढवून घ्यावी. काही दिवसांनी सवय होईल म्हणून तशीच गाडी चालवत राहिल्यास पिस्टनच्या रिंगा आणि त्यांच्यामधील कडा तुटण्यापर्यंत मजल जाते. यासाठीच काम सुरू होण्यापूर्वी मूळ फाइल वाचून तिची प्रत आपल्या पेनड्राइव्हवर घ्यावी. ती देण्यास नकार मिळाला तर तेथूनच परत फिरावे. पुढे अधिकृत सर्व्हिस सेंटरने ईसीयूचे सॉफ्टवेअर अद्ययावत केले तर विकत घेतलेला मॅप न सांगता पुसला जातो, हेही लक्षात ठेवावे. आरपीएमची कमाल मर्यादा वाढवून घेण्याच्या फंदात मात्र मुळीच पडू नये. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा आणि कनेक्टिंग रॉड तेच राहतात, आणि बहुतेक छोट्या इंजिनांचा टॉर्क त्या टप्प्यावर आधीच उतरणीला लागलेला असतो.

डायनोच्या कागदावर डोळे झाकून विश्वास ठेवणे

डायनो हे गाडीची चाके रोलरवर फिरवून ताकद मोजण्याचे यंत्र चाकांवर पोहोचलेली ताकद मोजते, तर कंपनीच्या माहितीपत्रकात इंजिनाची ताकद दिलेली असते. गिअरबॉक्स आणि ड्राइव्हशाफ्टमधील घर्षणामुळे चाकांवरचा आकडा दहा-पंधरा टक्के कमी येतो. हा फरक न समजल्यामुळे गाडी फारच कमी ताकद देत असल्याचा समज सहज करून दिला जातो. त्याच गाडीची लागोपाठ केलेली दोन मोजमापेही दोन-तीन टक्क्यांनी वेगळी येऊ शकतात, त्यामुळे पाच टक्क्यांचा दावा पटण्यासाठी रीमॅपच्या आधी आणि नंतर, त्याच दिवशी, त्याच डायनोवर, टायरमध्ये तीच हवा आणि तोच गिअर ठेवून प्रत्येकी तीन मोजमापे झाली पाहिजेत. आधीचे मोजमाप न करता केवळ नंतरचा आलेख दिला जात असेल, तर त्या आलेखाला काहीच अर्थ नाही.

वॉरंटी आणि कायदा यांकडे दुर्लक्ष करणे

वॉरंटीतील गाडीचा ईसीयू बदलल्याचे आढळले तर इंजिनाचा दावा नाकारला जाण्याची पूर्ण शक्यता असते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांपासून वेगळे होतील असा बदल करता येत नाही, आणि परवानगी नसलेल्या बदलांसाठी कलम १८२अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. पीयूसी निघाली म्हणजे सर्व ठीक आहे असे समजू नये, कारण ती चाचणी उभ्या गाडीवर होते आणि पूर्ण लोडवरील मिश्रणाबद्दल तिच्यातून काहीही कळत नाही.

रीमॅपला खरा अर्थ असतो तो इंजिनाची हवा घेण्याची क्षमताच बदलल्यावर : वेगळा कॅमशाफ्ट, वाढवलेला कॉम्प्रेशन रेशो किंवा मोकळा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड बसवलेल्या रॅली आणि ट्रॅकच्या गाड्यांना नवा मॅप केल्याशिवाय गत्यंतर नसते. रोज कार्यालयात आणि वर्षातून दोनदा कोकणात जाणाऱ्या गाडीसाठी फिल्टर, प्लग, थ्रॉटल बॉडीची सफाई आणि चांगले टायर यांवर खर्च करावा, आणि घाटात गिअर वेळेवर खाली घ्यावा. २०२१ च्या त्या स्विफ्टचा पूर्ण टॉर्क ४,४०० आरपीएमला मिळत होता, तर बरेच जण चढावरही दोन हजारांवरच गिअर वर टाकतात. तिसऱ्या गिअरमध्ये चार हजारांवर इंजिन मोठ्याने आवाज करते म्हणून घाबरण्याचे कारण नाही, तेल योग्य आणि पुरेसे असेल तर ते त्यासाठीच बनवलेले आहे.