जिनोमिक्समध्ये, म्हणजे अख्ख्या डीएनएच्या अभ्यासात यायचंय? आधी त्यातलं एक अक्षर शोधा

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाची मुलं मला विचारतात, ‘प्रोग्रॅमिंगसाठी पायथन शिकू की आर?’ मी सांगते, आधी एक जनुक धरा आणि त्यातला एक बदल लॅपटॉपवर स्वतः शोधून काढा. प्रोग्रॅमिंग त्या ओघात येतं.

बहुतेकांना मी सिकलसेल देते. नंदुरबार, गडचिरोलीकडच्या मुलांना हा आजार पुस्तकाआधी गावात भेटलेला असतो. जनुक एचबीबी, म्हणजे हिमोग्लोबिनच्या एका साखळीचं, गुणसूत्र ११. जगभरातल्या लोकांचे जिनोम वाचणाऱ्या ‘१००० जिनोम्स’ प्रकल्पाचा डेटा मोफत आहे. त्यातले नायजेरियातल्या इबादानच्या योरुबा लोकांचे नमुने बघा, त्यांत सिकलसेलचे वाहक, म्हणजे जनुकाच्या दोनपैकी एकाच प्रतीत बदल असलेले, बरेच आहेत. अख्खी फाइल उतरवू नका, सॅमटूल्स या कमांडने चालणाऱ्या साधनाने एचबीबीपुरता तुकडा मागवा. तो आयजीव्ही या जिनोम बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून जीआरसीएच३८ वर, म्हणजे मानवी संदर्भ जिनोमच्या या आवृत्तीवर, ५२२७००२ या जागी जा. नमुना वाहकाचा असेल तर साधारण निम्म्या रीड्समध्ये (यंत्राने वाचलेल्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांत) टी, निम्म्यांत ए दिसेल.

आता घाई करू नका. पुस्तकात जीएजी या तीन अक्षरांचं जीटीजी होतं, म्हणजे ए जाऊन टी येतो. मग पडद्यावर टीच्या जागी ए कसा? कारण संदर्भ जिनोम डीएनएच्या दोनपैकी एकाच धाग्याचा (स्ट्रँडचा) लिहिलेला असतो आणि एचबीबी त्याच्या विरुद्ध स्ट्रँडवर आहे; एकावर ए असेल तिथे दुसऱ्यावर टी असतो. दुसरं, या बदलाची जागा कुठे सहावं अमिनो आम्ल लिहितात, कुठे सातवं. सुरुवातीचं मेथिओनिन मोजलं की सातवं. तिसरं, जुन्या जीआरसीएच३७ आवृत्तीवर हीच जागा ५२४८२३२ आहे. संदर्भाची आवृत्ती न बघता आकडा टाकलात तर भलत्याच जागेकडे बघून ‘बदल नाही’ असं लिहाल, आणि त्या अहवालामागे एक रुग्ण असतो. हे तीन गुंते ज्यानं स्वतः सोडवले, त्याच्याशी मुलाखतीत मला पुढचं बोलता येतं.

जनुकांची यादी एक्सेलमध्ये उघडू नका. ‘मार्च१’ या जनुकाच्या नावाची तिथे आपोआप तारीख व्हायची, म्हणून २०२० मध्ये अशा जनुकांची नावंच बदलावी लागली.

केलेली प्रत्येक कमांड, सॉफ्टवेअरच्या आवृत्तीसह, गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर ठेवा. प्रयोगशाळेला मेल करताना प्रमाणपत्रांच्या आधी ती लिंक द्या. पीएचडीसाठी नेट-जेआरएफ किंवा गेटसारखी परीक्षा द्यावी लागेल, त्याची तयारी सोबत चालू ठेवा. प्रयोगशाळा निवडताना मात्र एक विचारा: नमुने गोळा करणाऱ्यांसोबत बसायला मिळेल का? डीएनए कसा काढला, कोणती नळी खराब झाली, हे त्यांनाच ठाऊक असतं. जिनोमइंडिया या भारतीयांच्या जिनोम प्रकल्पाच्या १०,००० जिनोमांवर काम करायचं असेल, तर तो डेटा परवानगीनेच मिळतो. अर्जाबद्दल मार्गदर्शकांशी रुजू होण्याआधीच बोलून घ्या.