कुत्र्याला ऑफिसला न्यायचंय? तयारी काय करायची आणि इन्शुरन्स घ्यायचा का

सगळ्यात आधी परवानगी, आणि ती लेखी. बॉस "आण रे, काय होतंय" म्हणाला म्हणजे झालं असं नाही, एचआरचा मेल पाहिजे आणि ऑफिस भाड्याच्या बिल्डिंगमधे असेल तर तिथल्या मॅनेजमेंटला पण विचारा, नाहीतर पहिल्याच दिवशी लिफ्टपाशी सिक्युरिटीवाल्याशी हुज्जत. सोसायटीला कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही ही ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची गाइडलाइन बऱ्याच जणांना पाठ असते, पण ती राहत्या घरापुरती, ऑफिसात मालक नाही म्हणाला की विषय संपला. टीममधल्यांना एकेकट्याला विचारा, व्हॉट्सॲप ग्रुपवर नको, कारण ग्रुपवर "मला कुत्र्याची भीती वाटते" असं कोणी लिहीत नाही, सगळे नुसते हार्ट टाकतात.

कागदांमधे महापालिकेचं लायसन्स (पुण्यात मुंबईत दोन्हीकडे लागतं, दरवर्षी रिन्यू करायचं) आणि लसीकरणाचं बुकलेट. रेबीजची लस आणि नाइन-इन-वन (बऱ्याच रोगांवरची एकत्र लस) वेळेवर पाहिजेतच, अजून कोणी कुत्रा आणत असेल तर केनेल कफची (कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला) लसही घ्या. गोचीडांचं औषध चुकवू नका, कार्पेटवाल्या ऑफिसात एक गोचीड दिसली की तुमचा कुत्रा कायमचा घरी.

पहिल्यांदा अर्धाच दिवस न्या, शक्यतो शुक्रवारी, गर्दी कमी असते. नेण्याआधी नीट फिरवून आणा, बसायला घरचीच जुनी चादर, आणि तुमची मीटिंग असताना कोण बघणार ते आधी ठरवा. "गाडीत ठेवतो दहा मिनिटं" हे अजिबात नाही, बाहेर 30 डिग्री असलं तरी बंद गाडीत तेवढ्यात 40 च्या आसपास जातं. डस्टबिन झाकणाचे पाहिजेत, कारण ऑफिसात सतत कोणाचा ना कोणाचा वाढदिवस असतो आणि चॉकलेट केक, मनुका, शुगरफ्री च्युइंगमधलं झायलिटॉल हे सगळं कुत्र्याला विषारी. आणि कुत्रा थरथरतोय, सारखी जांभई देतोय, टेबलाखालून बाहेरच येत नाहीये तर त्याला तिथे आवडत नाहीये हो, हौस आपली असते.

आता इन्शुरन्स. लोक विचारतात ते हॉस्पिटलच्या खर्चाबद्दल, पण ऑफिसला नेणाऱ्याने आधी थर्ड पार्टी लायबिलिटी बघावी, म्हणजे कुत्रा कोणाला चावला किंवा कोणाचं नुकसान केलं तर ती भरपाई. पेट पॉलिसीत हे बऱ्याचदा ॲड-ऑन असतं, म्हणजे वेगळं मागून घ्यायचं, आपोआप मिळालंय असं धरू नका. थर्ड पार्टीत कोण येतं ते पण वाचा, घरचे लोक आणि तुमच्याच पगारावरचा स्टाफ साधारण वगळलेले असतात, म्हणजे तुम्ही स्वतः कंपनीचे मालक असाल तर नेमका ज्याला कुत्रा चावण्याची शक्यता जास्त तोच बाहेर! "कुत्रा आठवड्यातून अमुक दिवस ऑफिसात असतो, तिथे कव्हर आहे का" हे विमा कंपनीला मेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा, एजंटचं फोनवरचं "हो हो सर" क्लेमच्या वेळी उपयोगाचं नाही.

माझं मत विचाराल तर कुत्रा नियमित ऑफिसला जात असेल तर लायबिलिटी घ्याच. हॉस्पिटल कव्हर तरुण कुत्र्याला घ्यायला हरकत नाही, पण वेटिंग पिरियड असतो (पॉलिसी घेतल्यावर सुरुवातीचे काही दिवस क्लेम मिळत नाही), आधीपासूनचं दुखणं चालत नाही, आणि ज्या रोगाची लस असते ती दिली नसेल तर त्या रोगाचा क्लेम बसत नाही. कुत्रा म्हातारा असेल तर बऱ्याच कंपन्या नवीन पॉलिसी देतच नाहीत, तिथे दरमहा आरडी टाका आणि मोकळे व्हा. हरवण्या-चोरीचं कव्हर घ्यायचं असेल तर आधी मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची छोटी चिप) बसवा, म्हणजे हा कुत्रा तुमचाच हे दाखवता येतं. देशी कुत्र्याला इन्शुरन्स मिळत नाही हे चूक आहे, देतात.

आणि समजा चावलाच, तर पॉलिसी शोधत बसू नका, जखम आधी साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवा आणि माणसाला लगेच डॉक्टरकडे न्या. कुत्र्याला लस दिलेली आहे म्हणून इंजेक्शन नको हे आपण ठरवायचं नाही, ते डॉक्टर ठरवतील. पुढचे 10 दिवस कुत्रा घरी, नजरेसमोर. निष्काळजीपणा ठरला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 पर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि हा दंड कुठलीही पॉलिसी भरत नाही. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा, आणि त्यांना विचारल्याशिवाय "सगळा खर्च मी देतो" असं लिहून देऊ नका, त्यावरून क्लेम अडकतो. डॉक्टरची बिलं मात्र तुम्ही तिथल्या तिथे भरून टाका, रोज त्याच माणसाशेजारी बसायचंय.