शिवाराचा इतिहास लिहायचा तर कुठून धरायचं

गावाचा इतिहास लिहायला निघालेली मंडळी पहिल्यांदा तहसीलदार कचेरी गाठतात, उताऱ्यांची चळत घेऊन येतात आणि मग त्यातली नावं जुळवत बसतात. माझं आयुष्य मोजणीत गेलं, बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतल्या बांधांवर. त्यावरून सांगतो, उताऱ्यात मालक मिळतो. जमीन कशी वापरली ते त्यात फार कमी मिळतं. आधी पायानं शिवार बघायचं, मग माणसांना विचारायचं आणि कागद तिसऱ्या नंबरला. हा क्रम उलटा केला की जे कागदात नाही ते शिवारात कधी नव्हतंच असं वाटायला लागतं.

गाव धरू नका, पाणी धरा. एक नाला घ्या, त्याच्या दोन्ही अंगांची दोन-तीन गावं घ्या, तेवढं पुरे. मार्कंडेय नदीचं वरचं खोरं घेतलंत तर राकसकोप, बेळगुंदी, उचगाव, कंग्राळी असा पट्टा हाताशी येतो. राकसकोपचं धरण बेळगाव शहराला पाणी पाजतं, म्हणून त्याच्याबद्दल लिहिलेलं पुष्कळ सापडेल. त्या पाण्याखालच्या आणि भोवतीच्या शेतांबद्दल कुणी लिहीत नाही. शेजारचा चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता, आता कोल्हापुरात आहे. त्यामुळं डोंगराकडच्या बाजूला वळलात की दोन राज्यांच्या कचेऱ्यांत दोन भाषांत अर्ज करावे लागतील. तयारी ठेवा.

फिरायला वैशाख बरा. शिवार उघडं असतं, बांध दिसतात, आणि वळीव पडून गेला असेल तर कुरी, म्हणजे पेरायचं अवजार, बाहेर काढायची लगबग चालू असते. आमच्याकडं बरंचसं भात धूळवाफ, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत, पेरतात, रोप लागण थोड्या ठिकाणी. कुठल्या पट्टीत धूळवाफ आणि कुठल्या पट्टीत चिखल करून लागण, एवढं नकाशावर रंगवलंत तरी पाण्याचा निम्मा इतिहास कळतो. दुसरी फेरी दिवाळीनंतर मारा. भात निघाल्यावर नुसत्या ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा कुठं येतो ते बघा. ओल धरणारी ती जमीन पूर्वीही महत्त्वाची होती. वाटण्या झाल्या तेव्हा तिचेच सगळ्यात बारीक तुकडे पडलेले दिसतील.

वरून खाली या. माळ, मग वरकस म्हणजे उताराची हलकी जमीन, मग मधल्या पट्ट्या, मग खाचरं आणि शेवटी नाला. माळावर आज काजू असेल किंवा रताळी असतील. खाली उतरताना विहिरी सोडू नका. जुन्या विहिरीच्या काठावर मोटेचं थारोळं (मोट रिकामी व्हायची ती कुंडी) आणि बैलांची धाव (मोट ओढताना बैल चालायचे ती उतरती वाट) शिल्लक असेल तर धावेची लांबी पावलांनी मोजा. धाव जेवढी लांब तेवढं पाणी खोल, असा सरळ हिशोब. थारोळ्यातून पाट कुठल्या अंगाला जात होता तेही बघा, कारण विजेचा पंप येण्याआधी बागायत कुठंपर्यंत होती ते त्यावरून ठरतं. पाट बुजलेला असला तरी त्याच्या जागेवरून बांध वाकडा गेलेला असतो. विनाकारण वाकडा बांध मी तरी कुठं बघितला नाही.

आता माणसं. "इतिहास सांगा" म्हटलं की म्हातारी माणसं शिवाजी महाराजांपासून सुरुवात करतात, आणि तुमची दुपार जाते. साधं विचारा. पेरणीला पहिल्यांदा कुठलं शेत वाफशावर, म्हणजे पेरण्याजोग्या ओलीवर, येतं? हे खळं किती घरांचं होतं? खळ्यावरून बलुतं कुणाकुणाला जायचं? गुरं चरायला कुठल्या वाटेनं न्यायची? इंद्रायणी भात यायच्या आधी इथं काय पेरत होता? प्रत्येक पट्टीचं नाव विचारा आणि ऐकलं तसंच लिहून घ्या, शुद्ध करू नका.

बायकांना वेगळं विचारा, आणि घरात नको, बांधावर विचारा. भांगलण त्यांनी केलेली असते, कुठल्या कोपऱ्यात तण जास्त आणि कुठं पाणी झिरपतं ते त्यांना पाठ असतं. शिवाय लग्न होऊन आलेल्या बाईला माहेरचं शिवार माहीत असतं, त्यामुळं तिला फरक सांगता येतो. गड्यांना आपलं शिवार म्हणजेच जग. नाल्याकडंच्या एका पट्टीबद्दल दोन भावांनी मला अर्धा तास मालकी समजावली. त्यांची आई शेवटी म्हणाली, "ती पट्टी ह्यांची न्हवं की ह्याची न्हवं, ती पाण्याची. तीन वर्सातनं एकदा पाणी नेतंय, मग आमी उरल्यालं खातांव." वहीत मी तेच लिहिलं.

एक सावधगिरी. हातात टेप किंवा नकाशा घेऊन शिवारात शिरू नका. माझ्या हातात टेप दिसली की बोलतबोलत उभे असलेले दोन शेजारी गप्प व्हायचे. तुम्ही वही आणि शिसपेन्सिल घ्या, फोनवरचा फोटो विचारून काढा, आणि चालू असलेल्या वाटणीच्या भांडणातलं काहीही लिहू नका. तुमचा कागद कोर्टात जाणार अशी नुसती कुणकुण लागली तरी पुढची दारं बंद.

कागदांत पहिल्यांदा गावनकाशा घ्या. कर्नाटकच्या भूमापन खात्याच्या वेबसाइटवर बऱ्याच गावांचे नकाशे पीडीएफमध्ये मिळतात. त्यावर सर्व्हे नंबर, नाले, गाडीवाट, विहिरी असतात. मग ज्या नंबरात रस आहे त्याचं टिपण (मोजणीचा कच्चा नकाशा, मापांसकट) आणि आकारबंद (क्षेत्र आणि आकारणीची नोंद) मागवा. टिपणावर मापं साखळी आणि आण्यांत असतात, बिचकू नका. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. ३३ बाय ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट, तोच एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. एवढं कळलं की शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं टिपण तुम्ही स्वतः वाचू शकता.

उतारा कानडीत असतो. त्यावर रुसून काम होत नाही. अक्षरं आणि आकडे शिकून घ्या. शाळेत जाणारं कुठलंही पोर थोड्या दिवसांत शिकवील, आणि रकाने सगळीकडं तेच असल्यामुळं शब्द थोडेच लागतात. बहुतेक जण नववा रकाना, म्हणजे मालकाचं नाव बघतात आणि कागद घडी करून ठेवतात. तुम्ही तिसरा आणि बारावा बघा. बाराव्यात कसणारा आणि पीक असतं. जुनी हस्तलिखित पानं रेकॉर्ड रूममधून मिळाली तर सलग वर्षांचं पीक दिसतं. मात्र एकच पीक वर्षानुवर्षं त्याच अक्षरात दिसलं तर ते चावडीत बसून भरलंय असं समजा आणि बांधावरच्या माणसाला विचारून खात्री करा.

तिसरा रकाना माझा आवडता. त्यात पोटखराब असतो, 'अ' आणि 'ब'. 'अ' म्हणजे कसायला न येणारी जमीन, खडक वगैरे. 'ब' म्हणजे सार्वजनिक वापरासाठी सोडलेली: वाट, नाला, पाणवठा, मसणवट. दोन गुंठे, चार गुंठे असला किरकोळ आकडा असतो, म्हणून कुणी लक्ष देत नाही. पण एका नाल्याच्या काठचे सगळे नंबर घेऊन त्यातला 'ब' खराबा नकाशावर रंगवा. तुटक तुटक ठिपके एका रेषेत यायला लागतात, आणि ती रेषा म्हणजे गुरांची जुनी वाट किंवा बाजाराची गाडीवाट असते. आज तिथं ऊस असेल किंवा प्लॉट पडले असतील. हा नकाशा करायला पैसे लागत नाहीत, चिकाटी लागते. मी दहा हौशी लोकांना हे सांगितलं तर नऊ जण वंशावळीकडंच वळतात. वळू देत.

खरी खाण मात्र १९७४ च्या फायलींत आहे. जमीन सुधारणा कायद्यातली दुरुस्ती १ मार्च १९७४ ला लागू झाली, कुळांकडच्या जमिनी सरकारात जमा झाल्या आणि कुळांनी सात नंबरचे फॉर्म भरून लँड ट्रिब्युनलपुढं, म्हणजे कुळांचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणापुढं, हक्क मागितला. त्या चौकशीत माणसं बोललीत. कोण अर्धेलीनं (निम्मं पीक मालकाला देऊन) कसत होता, कोण खंडानं (ठरलेला वाटा देऊन), भात किती पोती घालत होता, बैल कुणाचे, शेजारी कोण. अशा फायली तहसीलदार कचेरीत मागा. नुसता अर्ज चालला नाही तर माहिती अधिकारात द्या, आणि अर्जात सर्व्हे नंबर व गाव नेमकं लिहा, 'गावाच्या सर्व फायली' असं लिहू नका.

ही वाट मला हवाई बेटांबद्दल वाचताना सुचली. तिथं डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंतचा पट्टा एकत्र धरत, त्याला अहुपुआआ म्हणतात. १८४८ साली राजा आणि सरदार यांच्यात जमिनीची वाटणी झाली, आणि त्याच सुमाराला कसणाऱ्या रयतेनं लँड कमिशनपुढं दावे लावले: माझी अळवाची खाचरं इतकी, घराची जागा इथं, शेजारी अमका. शेजाऱ्यांनी साक्षी दिल्या. (अळूच, होय. आपण परसात लावतो ते तिथं पाण्याच्या खाचरात मुख्य पीक म्हणून लावत.) आज कुठल्या दरीत कुठं अळू होतं आणि पाट कुठून जात होता ते अभ्यासक त्या साक्षींवरून जुळवतात. साक्ष हक्कासाठी दिलेली होती, पण तिच्यातून शेत दिसतं. आपल्या ट्रिब्युनलच्या फायली अगदी तशाच वाचायच्या. कुणाचा दावा खरा याचा निवाडा तुम्हाला करायचा नाही. दोन्ही बाजू एकमेकांना खोटं पाडताना पीक, विहीर, वाट आणि झाड यांबद्दल एकसारखंच बोलतात, तेवढं उचला. आणि या फायलींत कोण नाही तेही नोंदवा. मजुरी करणाऱ्या बायका तिथं जवळजवळ सापडत नाहीत.

त्याआधीचं थोडक्यात सांगतो. पेशवाई १८१८ ला संपली, पुढं मुंबई इलाख्याच्या पद्धतीनं मोजणी आणि आकारणी झाली. टिपणाचं मूळ तिथं. मात्र प्रत्येक गाव इंग्रजांकडं नव्हतं. शाहापूर सांगली संस्थानात होतं, काही गावं इतर संस्थानांत किंवा जहागिरीत, आणि ही संस्थानं १९४८ साली विलीन झाली. आपलं गाव कुणाकडं होतं ते न बघता बेळगावात जुने कागद शोधणं म्हणजे फुकटचे हेलपाटे. कागद मोडीत असले तर मोडी येणारा माणूस गाठा. पुण्याच्या आणि कोल्हापूरच्या पुराभिलेखागारांत जायचं ते या टप्प्यावर, आधी नाही. १८८४ चं बेळगाव जिल्ह्याचं गॅझेटियर जरूर वाचा, पिकांची आणि शेतीच्या अवजारांची माहिती चांगली आहे. फक्त खानापूरच्या रानातल्या कुमरीबद्दल वाचताना लिहिणारा कोण होता ते ध्यानात ठेवा. रान तोडून, जाळून, एक-दोन वर्षं नाचणी घेऊन जमीन परत रानाला सोडायची, ही कुमरी जंगल खात्याच्या साहेबाला नासाडी वाटे. भीमगड अभयारण्याच्या आजूबाजूच्या वाड्यांतल्या म्हाताऱ्यांना विचारलंत तर किती वर्षांनी त्याच जागी परत यायचं, कुठली झाडं तोडायची नाहीत, हे वेगळंच ऐकायला मिळेल.

रीतिरिवाज शेवटी नका ठेवू, शेताच्या नोंदीबरोबरच लिहा. गावात वार पाळतात का, म्हणजे एखाद्या वारी शेतातलं काम बंद ठेवतात का, कुठल्या महिन्यात, कुठला वार, त्या दिवशी नांगर बंद असतो की गिरणीसुद्धा? देवाच्या रानातलं वाळलेलं लाकूड कुणी उचलायचं? हे देवस्की पंचांना, म्हणजे गावच्या देवाचं काम बघणाऱ्या पंचांना, विचारा. ते आधी "आमच्या वाडवडलांपासून आहे" एवढंच सांगतील. "मागच्या वेळी कुणी मोडलं आणि मग काय झालं?" असं विचारलं की नियम खरा कसा चालतो ते बाहेर येतं. बेंदराला बैल कुठून कुठं नेतात तेही नकाशावर काढा; पोटखराब 'ब' च्या रेषेशी ती वाट ताडून बघण्यासारखी असते.

शहराजवळच्या शिवारांत हे काम आधी उरका. शाहापूर, वडगाव, येळ्ळूर हा बासमतीचा पट्टा. हलगा-मच्छे बायपास याच बाजूनं काढलाय. भराव पडला की बांध, पाट आणि उतार एका आठवड्यात जातात, आणि मग सॅटेलाइटची जुनी चित्रं उघडून अंदाज करत बसावं लागतं. ती चित्रंही बघाच, पण त्यांत वरून ओल दिसत नाही.

लिहिताना एका पट्टीला एक पान. वर सर्व्हे नंबर आणि लोकांच्या तोंडचं नाव, खाली पाणी, पीक, झाडं, वाट, रीत, आणि प्रत्येक ओळीपुढं ती कुठून मिळाली ते: पाहिलं, ऐकलं की कागदावर आहे. तिन्हींत मेळ बसला नाही तर तिन्ही ठेवा. सांगणाऱ्याचं नाव त्यानं हो म्हटलं तरच घाला. पुरी झालेली वही झेरॉक्स करून एक प्रत गावच्या मराठी शाळेत, एक वाचनालयात आणि एक नाल्यापलीकडच्या गावात द्या. पलीकडच्या गावाला तुमचं निम्मं पटणार नाही, ते दुरुस्त्या पाठवतील. त्या वेगळ्या शाईनं घाला आणि खाली तारीख टाका.