भातकापणीनंतर जनावरांतील लिव्हर फ्लूक: झाडपाल्याच्या अर्काचा उपयोग किती?

पाऊस ओसरून खाचरांतलं पाणी आटू लागलं की कोकणात बांधांवर आणि भंडारा-गोंदियाकडे बोड्यांच्या, म्हणजे छोट्या तळ्यांच्या, काठी गुरं चरायला सुटतात. लिव्हर फ्लूकची, म्हणजे यकृतातल्या पर्णकृमीची, लागण याच काळात जोरात होते. पाण्यातल्या गोगलगायीतून बाहेर पडलेली कृमीची पिल्लं पाण्यालगतच्या गवताला आणि भाताच्या बुडख्याला चिकटून बसतात आणि चाऱ्याबरोबर जनावराच्या पोटात जातात.

पळसबिया, कपिला, वावडिंग, कडुनिंब, लसूण यांचे काढे ‘सगळ्या जंतांवर’ म्हणून सांगितले जातात. यातल्या पळसबियांचा जुना वापर मुख्यतः गोल जंतांवर आणि कपिलाचा पट्टकृमींवर आहे. हे दोन्ही जंत आतड्यात राहतात. पर्णकृमी बसतो यकृताच्या पित्तनलिकेत, आणि अडचण तिथेच आहे. प्रयोगशाळेत कत्तलखान्यातल्या म्हशीच्या यकृतातून कृमी काढून अर्काच्या बशीत सोडतात, काही अर्कांत त्यांची हालचाल थांबते. तो निकाल खोटा नसतो. पण बशीत कृमी अर्कात बुडालेला असतो. जनावराला पाजलेला अर्क आधी कोठीपोटातल्या, म्हणजे पहिल्या मोठ्या पोटातल्या, ढीगभर चाऱ्या-पाण्यात मिसळून पातळ होतो, तिथले सूक्ष्मजीव त्यातले घटक तोडतात, आणि उरलेलं रक्तात उतरून पित्तापर्यंत पोहोचावं लागतं. म्हणून लिव्हर फ्लूकवर निव्वळ काढ्याच्या भरवशावर राहू नका, असंच मी ठामपणे सांगेन.

जबड्याखाली पाणी उतरलंय का बघा. तिथे अंगठा दाबून सोडला की खळगा तसाच राहतो. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहा, आतला भाग पांढुरका दिसला तर रक्त कमी झालंय. अशा जनावराला त्याच दिवशी पशुवैद्यकांना दाखवा. बाकीच्यांचं ताजं शेण स्वच्छ डबीत घालून तपासायला द्या. मात्र लागण झाल्यावर कृमीची अंडी शेणात दिसायला तीन-चार महिने लागतात, त्यामुळे आत्ता अहवाल ‘निरंक’ आला तरी निर्धास्त होऊ नका.

औषधांतही फरक आहे. ट्रायक्लाबेंडाझोल यकृतातल्या कोवळ्या कृमींवरही चालतं, पण कोठीपोटात राहणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या पर्णकृमींवर नाही. ऑक्सिक्लोझानाइड या कोठीपोटातल्या कृमींवर चालतं, यकृतातल्या मात्र मोठ्या झालेल्या कृमींवरच. अल्बेंडाझोल कोवळ्या कृमींना मारत नाही आणि गाभणपणाच्या सुरुवातीला ते देऊ नये. डोस वजनावर ठरतो, तो पशुवैद्यकांकडूनच घ्या. औषधानंतर किती दिवस दूध विकायचं नाही, हेही तेव्हाच विचारून घ्या.

गोगलगायी मारायला शेराचा चीक किंवा पिवळ्या कण्हेरीचा पाला तळ्यात टाकू नका. गोगलगायींबरोबर मासेही मरतात, आणि कण्हेर जनावराच्या पोटात गेली तर जीवच जातो. त्यापेक्षा बदकं सोडा, ती गोगलगायी वेचून खातात. हौदाभोवतीचा चिखल मुरूम टाकून बुजवा. ओलसर खाचरात महिनाभर तरी चराई नको. पेंढा कडक उन्हात चांगला वाळवून मगच रचा, आणि खायला घालताना बुडख्याकडचा भाग कापून वेगळा काढा.

काढा पाजायचाच असेल तर तो डोसाच्या जोडीला, आणि पशुवैद्यकांना सांगूनच. पाजताना जनावराची मान फार वर उचलू नका आणि जीभ ओढू नका. काढा श्वासनलिकेत गेला तर फुप्फुसाला सूज येते. जनावर खोकलं की लगेच थांबा आणि मान खाली सोडा.